घरी कोण थांबणार?

प्रिय आवळी,

स. न. वि. वि.

यंदा मी येणार नाही, एवढं कळवायला हे पत्र. आजारपण नाही, रुसवाफुगवा नाही, गुडघेही अजून बऱ्यापैकी ऐकतात. तरी येणार नाही. घरात हे तोंडी सांगितलं असतं तर आधी पुण्याची धाकटी जाऊ, मग माझी लेक, मग झाडून सगळे भाचे-पुतणे "काय झालं, काय झालं" करत फोनवर आले असते आणि शेवटी मला गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलंच असतं. म्हणून तुला लिहिते, आणि चारचौघांच्या देखत लिहिते, म्हणजे मागे फिरायला वाट नको.

पंचांगात तुझं नाव आवळीभोजन. आमच्या वाईच्या घरात झाडही आवळी आणि सहलही आवळीच. "यंदा आवळी कधी?" हे भाऊबीजेचं ताम्हण खाली ठेवायच्या आत कुणीतरी विचारायचंच. तू येतेस तीही कशा वेळी! नवरात्राचे उपास, दसरा, कोजागरीचं आटीव दूध आणि थोरल्या लेकरांची ओवाळणी, दिवाळीचा फराळ, पाहुणेरावळे. हे सगळं उरकून डब्यातलं तूप तळाला, पैसा तळाला आणि बायकांची कंबर पार कामातून गेलेली असते, तेव्हा कार्तिक शुद्ध नवमी उजाडते.

तरी तुझ्यावर माझा लोभ आहे. बाकीच्या सगळ्या सणांना घर लागतं. सारवा, तोरणं बांधा, आल्यागेल्याला आत घ्या. तूच एक अशी की सगळ्यांना उंबऱ्याबाहेर काढतेस. चाळीस माणसांचा वाडा वर्षातून एकदा रिकामा होणं म्हणजे काय, ते फ्लॅटात वाढलेल्यांना सांगून कळायचं नाही.

मी मूळची गिरगावातल्या चाळीतली. लहानपणी तू मला भेटायचीस ती बोरिवलीला, कृष्णगिरी उपवनात, म्हणजे आताच्या नॅशनल पार्कात. चाळीतली बिऱ्हाडं लोकलने जायची, डबे घरूनच भरलेले. झाड आवळीचंच आहे की कशाचं, याची फार चौकशी नसे. वडील समोरच्या झाडाला नमस्कार करत आणि आई डबे उघडे. चार वाजता परतीची गाडी. १९८१ साली लग्न होऊन वाईला आले आणि समजलं की तुझ्यासाठी आधी दोन दिवस भांडावं लागतं.

भांडण तारखेचं. नवमीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कुठलाही दिवस धरा, ही तुझी सवलत, आणि सवलत असली की वाद आलाच. सासूबाई चातुर्मास पाळायच्या. आषाढात कांदेनवमीला कांद्याचा निरोप घेतला की कार्तिकी एकादशी होईपर्यंत कांदा, लसूण, वांगं घरात वर्ज्य. म्हणजे नवमीला आवळी केली तर मसालेभात तोंडल्यांचा आणि द्वादशीनंतर केली तर वांग्यांचा. यावरून घरात सरळ दोन पक्ष पडत. मामंजी तोंडल्यांच्या बाजूचे, कारण तीच कूष्मांड नवमी आणि कोहळ्याचं दान त्याच दिवशी द्यायचं. ते कोहळ्याला वरून चौकोनी भोक पाडत, आत चांदीचा रुपया सरकवत आणि कापलेली फोड पुन्हा नीट बसवून वर हळदकुंकू लावत. गुप्तदान! इतकं गुप्त की घरातल्या शेंबड्या पोरालाही रुपया कुठल्या सालचा ते ठाऊक असे. थोरले भाऊजी वांग्यांच्या बाजूचे. कृष्णाकाठी राहून तोंडली कसली खाता, हे त्यांचं म्हणणं. बहुतेक वर्षी वांगी जिंकत, कारण ट्रॅक्टर भाऊजींकडे होता.

गेल्या वर्षी तर फजितीच झाली. नोकरदारांच्या सोयीचा म्हणून रविवार ठरवला, २ नोव्हेंबर २०२५, आणि तो निघाला नेमका कार्तिकी एकादशीचा. मसालेभाताऐवजी साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ घेऊन तुझ्याशेजारी बसलो. पंचांग न बघता तारीख पक्की करणाऱ्या पुतण्याला अजून सगळे एकादशीच म्हणतात. यंदा अधिक ज्येष्ठाने सगळेच सण पुढे ढकललेत. २२ नोव्हेंबरचा रविवार एकादशी उलटून आणि पौर्णिमेच्या अलीकडे पडतो. वांग्यांना मोकळं रान.

भाऊजींच्या त्या ट्रॉलीत तळाला भाताचा पेंढा, वर सतरंजी, कडेने भांडी, मधे पोरं. आमचा मळा मेणवलीच्या पुढे. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर, पण तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर ट्रॉली थांबल्याशिवाय पोरं पुढे जाऊच देत नसत. तिथे देवळापाशी मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या त्यांतली ती एक मानतात; भीमाशंकराला एक आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळात एक. घंटेवरची मेरी आणि तिचं बाळ कुणाला आधी सापडतं, याची पोरांत चढाओढ. सोवळ्यातल्या सासूबाई ट्रॉलीतूनच घंटेकडे बघून हात जोडत. कुणाला जोडतात, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. पुढे 'स्वदेस'चं चित्रीकरण त्या घाटावर झालं आणि बाहेरची माणसं घाट बघायला येऊ लागली. आमच्यासाठी तो आवळीच्या वाटेवरचा थांबा.

मळ्यात पोचलं की आधी बुंध्याभोवतीचं गवत काढायचं, पाणी शिंपडायचं. मग झाडाला सूत गुंडाळत प्रदक्षिणा, दिवा, हळदकुंकू. तोवर तीन धोंड्यांवर चूल पेटलेली. तपेल्यांना बाहेरून राखेचा लेप द्यायचं काम माझ्याकडे. तो नीट दिला नाही तर संध्याकाळी काजळी घासताना बोटांची सालं निघतात, म्हणून मला कुणी 'पटकन आटप' म्हणत नसे. पोरं वर चढून आवळे तोडत, मीठ लावून खात, वर घटाघट पाणी पीत आणि जिभा बाहेर काढून एकमेकांना दाखवत.

आता तुझ्याबद्दलची एक तक्रार, बरीच वर्षं मनात ठेवलेली. तुझी सावली फार विरळ. पान बारीक, चिंचेच्या पानासारखं, ऊन त्यातून चाळणीतून पीठ पडावं तसं पडतं. शिवाय घेर तो केवढासा! सावलीत बसतात पंधरा, माणसं चाळीस. म्हणून पंगती. पहिली पोरांची, दुसरी पुरुषांची, तिसरी बायकांची. तिसरी बसेपर्यंत सूर्य कललेला आणि सावली बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसावर पडलेली. उसाला सावलीचं काय कौतुक! आम्ही डोक्यावरून पदर ओढून जेवायचो. कार्तिकातलं ऊन कोवळं असतं, असं पहिल्या दोन पंगतींत बसणारेच म्हणतात.

ताटात आवळीचं पान पडलं की वर्ष चांगलं जातं, असं आमच्याकडे म्हणत. पोरं मग फांदी धरून गदागदा हलवायची आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात सगळ्या खानदानाचं भाग्य एकदम सांडायचं. तो मठ्ठा गाळून पुन्हा वाढलेला मी पाहिलाय. दुसऱ्या पंगतीने नावाजून प्यायला.

पण खरी गोष्ट राहिलीच. घरी कोण थांबणार?

वाडा कुलूप लावून सोडता येत नसे. गोठ्यात म्हैस. माजघरात अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूबाई आणि त्यांची दुपारची पेज. त्यातून सुगीचे दिवस, कुळवाडी कधी दारात उभा राहील नेम नाही. एक बाई मागे हवीच. बाईच, पुरुष थांबला तर त्याला चहा कोण करून देणार, असं अगदी सरळपणे म्हणत. बहुधा ज्या सुनेला कावळा शिवलेला असे ती थांबायची. पूजेला चालत नाही म्हणून सहलीलाही नाही. मला याचा नवेपणी फार राग येई. "झाडाला काय कळतंय?" असं मी एकदा बोलूनही गेले. सासूबाई म्हणाल्या, "झाडाला नसेल कळत. म्हणून तर आपण सांगायचं."

त्या असं का म्हणाल्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

दर वर्षी अडचण थोरल्या जाऊबाईंचीच यायची. कार्तिकात, बरोब्बर आवळीच्या दिवशी. आदल्या आठवड्यात तुळशीच्या लग्नाची तयारी करायला पुढे, आवळी म्हटली की अडचण. वर्षभर घराचा सगळा रामरगाडा त्या ओढत आणि एका मौजेच्या दिवशी त्याच मागे राहत. मला कीव आली. एका वर्षी आदल्या रात्री, सगळं निजल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. त्या पोळपाट पुसत होत्या. म्हटलं, "ताई, यंदा मी थांबते. तुम्ही जा मळ्यात."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खबरदार. वर्षातला एवढा एक दिवस माझा आहे. त्यावर डोळा ठेवू नकोस."

मग मला खाली बसवून त्यांनी सगळं सांगितलं. ट्रॅक्टरचा आवाज गणपतीच्या देवळाकडे वळला की त्या दिंडीदरवाजाला अडसर घालत. आजेसासूबाईंना पेज भरवून, म्हशीपुढे वैरण टाकून झाली की स्वतःपुरता चहा. आल्याचा, कडक, साखर हवी तेवढी, आणि कुणाला "तुम्हीपण घेणार का?" न विचारता. कप घेऊन माडीवर जायचं, पुरुषांच्या बैठकीतल्या झोपाळ्यावर बसायचं. एरवी त्या झोपाळ्याला बायकांचा हात लागायचा तो फक्त पुसताना. दिवाळी अंक घरात यायचे, पण मामंजी आणि चारी भाऊ वाचून होईपर्यंत पौष उजाडे. त्या दिवशी ताईंचा नंबर पहिला. 'आवाज'मधल्या खिडक्या एकेक करून उघडायच्या, आतलं चावट चित्र बघून मोठ्याने हसायचं, आपलाच हसण्याचा आवाज माडीभर ऐकायचा. नंतर अंक होता तसा जाग्यावर. दुपारी पाय पसरून झोप. चारला उठून केस विंचरायचे, आणि पाचला पुन्हा थोरली सून.

मोठ्या घरात बाईला सगळं मिळतं. बाळंतपणाला सोबत मिळते, दुखण्याखुपण्याला हात मिळतो, पोरं कुणाच्या मांडीवर मोठी झाली ते आठवतही नाही. एकटेपण तेवढं मिळत नाही. आजारी पडलं तरी उशाशी चार जणी. कुटुंबवत्सल माणसं तुझ्या नावाने एकोप्याचे गोडवे गातात, त्यांना हे सुचतही नाही की एकोणचाळीस माणसं बाहेर गेली, म्हणूनही कुणाची सहल होते.

ताईंचं मन मोठं. त्या रात्रीनंतर त्यांनी आपला दिवस वाटून टाकला. आम्ही जावांनी अडचणीची आळीपाळी ठरवली, थोरलीपासून धाकटीकडे. ज्या वर्षी जिची पाळी, त्या वर्षी तिला अडचण. सासूबाईंच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण त्या काही बोलल्या नाहीत. एका वर्षी मात्र निघायच्या वेळी ट्रॉलीवर चढता चढता पाय मागे घेतला, "माझाच गुडघा धरलाय, मी थांबते" म्हणाल्या. संध्याकाळी परतलो, तर झोपाळ्याच्या कड्या अजिबात कुरकुरत नव्हत्या. कुणीतरी तेल घातलं होतं.

माझी पाळी येईपर्यंत म्हैस विकली गेली, आजेसासूबाई गेल्या, आणि वाड्याला कुलूप लावता येऊ लागलं. घरी कोण थांबणार, हा प्रश्नच उरला नाही. सगळ्यांना आनंद झाला. माझी पाळी तेवढी तुझ्याकडे बाकी राहिली.

तुझा गोतावळा मोठा आहे, हे पुढे फिरताना कळत गेलं. गोव्यात देवच पालखीत बसून आवळीखाली जेवायला जातो. तिथे घरी कोण थांबतं हे विचारायला हवं होतं. ओडिशात साखीगोपाळला तुझ्या नवमीला राधेचे पाय बघायला झुंबड उडते, वर्षातून त्या एकाच दिवशी ते दिसतात म्हणून. आंध्र-तेलंगणात तुझं कार्तिक वनभोजन तर अख्ख्या सोसायट्या आणि ऑफिसं बस करून साजरं करतात. न्यू जर्सीतल्या भाचीने ऑक्टोबरात व्हिडिओ कॉल केला. बागेत जाऊन स्वतः सफरचंदं तोडायची, शेतातून भोपळा निवडून आणायचा, आणि मधे म्हणे खास गंमत. बघते तर ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, तळाला गवत आणि त्यावर तिकीट काढून बसलेली माणसं! हे भाऊजींना दाखवायला हवं होतं. त्यांनी फुकट बसवलं आम्हाला.

इकडे मात्र तुझं रूप पालटलंय. जुनं झाड ओढ्याला पूर आला तेव्हा गेलं. पुतण्याने तिथे कलमं लावली, एक कृष्णा जातीचं, एक चकैया. एकाच जातीचं झाड नीट धरत नाही, म्हणून दोन. आवळे लिंबाहून मोठे येतात, पण कलमाखाली मांडी घालून बसावं तर फांदी डोक्यात शिरते. म्हणून शेजारी मांडव घालतो आणि झाडाला प्रदक्षिणा घालून मांडवात जेवतो. जेवण वाईचा आचारी करतो. पुतणीने पंगतींचा क्रम उलटा केला, बायका पहिल्या, वाढायला पुरुष. त्यांनी मीठ उजवीकडे वाढलं, कोशिंबीर थेट भातावर आणि जिलबी मठ्ठ्याच्या वाटीत. पण सावलीत बसून जेवले, काही म्हणायचं नाही.

मळ्यापर्यंत गाड्या थेट येतात, पुण्याहून, मुंबईहून, एक बंगळुरूहून. पाच वाजले की हायवेच्या गर्दीच्या धाकाने सगळे निघतात. वाड्यात अर्ध्यांचं पाऊलही पडत नाही. वाड्यात आता ताई असतात, भाऊजी गेल्यापासून. सोबतीला दिवसा एक बाई येते, रात्री ती घरी जाते. गेली काही वर्षं मळ्यात बोलावलं की ताई म्हणतात, "तुम्ही जा, मी थांबते." पोरांना वाटतं, आत्या थकली, काकू थकली. थकल्यात हे खरं. पण रिकामा वाडा त्यांना आता रोजच मिळतो. झोपाळा आहे, चहा आहे, दिवाळी अंक मी पाठवते, पहिला नंबर त्यांचाच. परवा फोनवर म्हणाल्या, "खिडक्या उघडते गं, पण हसू येत नाही. कुणी घरातून गेलेलंच नसतं ना."

म्हणून यंदा मी तुझ्याकडे न येता ताईंकडे जाणार आहे. पण असं कर, सगळ्या गाड्या आधी वाड्यावरून ने. तुझ्या नावाने मी तसं ग्रुपवर टाकलंच आहे, आचाऱ्याला पैसे वाड्यावर मिळतील असंही वर लिहिलंय. सगळे आत येतील, गोंधळ घालतील, चपला चुकवतील, कुणाचा तरी चार्जर हरवेल, पोरं झोपाळ्यावर उभी राहतील. दहा वाजता सगळ्यांना हाकलायचं. मग मी दिंडीदरवाजाला अडसर घालेन.

तिकडचं तू बघ. सुताचं रीळ पुतणीच्या पर्समध्ये आहे. कोहळा मांडवाच्या खांबाशी ठेवलाय. रुपया आत आहे, पोरांना सांगू नकोस, सांगितलंस तरी हरकत नाही. मठ्ठ्यावर झाकण हवं, फांदी कुणीतरी हलवणारच. वाढप्यांना मिठाची जागा एकदा दाखव. बंगळुरूच्या सुनेचं पहिलंच वर्ष आहे, ती पूजेपासून लांब लांब उभी राहिली तर तिला पुढे घे. आणि नसेलच यायचं तिला पुढे, तर मागे लागू नकोस.

मी कुठे आहे असं विचारतीलच. या वयात कसली अडचण, असं एखादा भाचा हसून म्हणेल. पुण्याच्या धाकट्या जाऊला आळीपाळी माहीत आहे, ती गप्प बसेल. तू सांग, मधलीला कावळा शिवलाय.

कळावे, लोभ आहेच, वृद्धिंगत व्हावा.

तुझी,
वाईच्या वाड्यातली मधली सून